सेंट फ्रान्सिसचा छापा, १७५९: जाणं जमलं, परतणं फसलं

पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेत इंग्रज आणि फ्रेंच यांचं युद्ध चालू होतं. १७५९ च्या ऑगस्टमध्ये जनरल जेफ्री अ‍ॅमहर्स्टची इंग्रज फौज शँप्लेन सरोवराकाठी क्राउन पॉइंटला येऊन थांबली. त्याआधी जुलैअखेर टायकॉन्डेरोगाचा किल्ला हाती आला होता. पुढचा मार्ग सरोवरातून उत्तरेला जात होता, पण तिथे फ्रेंचांची सशस्त्र गलबतं फिरत होती. अ‍ॅमहर्स्टची स्वतःची गलबतं अजून बांधून व्हायची होती. तिकडे सेंट लॉरेन्स नदीवर जनरल वुल्फ क्वेबेकला वेढा घालून बसला होता आणि त्याची काहीच खबर मिळत नव्हती.

ती मिळावी म्हणून कॅप्टन केनेडी आणि एक लेफ्टनंट यांना थोड्या माणसांनिशी पाठवलं. बरोबर पांढरं निशाण आणि फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या अबेनाकी या मूळ रहिवासी जमातीसाठी बोलणीचा निरोप होता. सेंट फ्रान्सिसच्या अबेनाकींनी त्यांना पकडून फ्रेंचांच्या हवाली केलं. निशाण असताना पकडलं म्हणून अ‍ॅमहर्स्ट संतापला. दूत म्हणवणारा माणूस शत्रूच्या मुलखातून आपल्याच दुसऱ्या फौजेकडे निघाला असेल, तर त्याला दूत मानायचं की हेर, हा अबेनाकींच्या बाजूचा प्रश्नही काही कमी रास्त नव्हता.

सेंट फ्रान्सिस, म्हणजेच ओदानाक, हे सेंट फ्रान्सिस नदीकाठचं अबेनाकींचं गाव. तिथे जेझुइटांचं चर्च होतं. न्यू इंग्लंडच्या सरहद्दीवर दोन-तीन पिढ्या जे हल्ले झाले, त्यांतले बरेच या गावातून निघालेले. अबेनाकींच्या दृष्टीने ती आपल्या हिसकावलेल्या जमिनीसाठीची लढाई होती.

कामगिरी मिळाली मेजर रॉबर्ट रॉजर्सच्या रेंजरांना. रेंजर म्हणजे वसाहतींतल्या शिकारी, लाकूडतोडे, सरहद्दीवरचे शेतकरी अशांमधून भरलेली अनियमित तुकडी. कवायत बेताची, पण जंगल पायाखालचं. त्यांच्याबरोबर स्टॉकब्रिजचे मोहिकन, म्हणजे आणखी एका मूळ रहिवासी जमातीचे लोकही पगारावर लढत. आपल्याकडे १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली तेव्हा इंग्रजांनी हाच हिशेब केला होता: डोंगर ज्याला ठाऊक, त्यालाच नोकरीत घ्यायचं.

१७५७ मध्ये रॉजर्सने आपल्या कामाचे अठ्ठावीस नियम लिहून काढले. या प्रकरणाशी संबंध असलेले काही असे: प्रत्येकाजवळ बंदूक, साठ बार आणि कुऱ्हाड. एका रांगेत चालायचं, पण दोघांत इतकं अंतर की एका गोळीत दोघे पडू नयेत. ओल्या, मऊ जमिनीवर मात्र रांग मोडून आडवं पसरायचं, म्हणजे पायवाट उमटत नाही. नदी ओलांडताना नेहमीचा उतार टाळायचा. गेलेल्या वाटेने परत यायचं नाही. शत्रू फारच जास्त असला तर पांगायचं, पण संध्याकाळी कुठे भेटायचं ते आधी ठरलेलं असलं पाहिजे.

अडचण

१३ सप्टेंबरला हुकूम निघाला: दोनशे माणसं घे, मिसिस्क्वॉय उपसागरापर्यंत पाण्याने जा, तिथून चालत जाऊन सेंट लॉरेन्सच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांवर हल्ला कर. सूड घे, पण बायका-मुलांना मारायचं किंवा इजा करायची नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्याच दिवशी क्वेबेकबाहेरच्या पठारावर वुल्फची लढाई झाली आणि आठवड्याच्या आत शहर पडलं. ज्या बातमीसाठी केनेडी गेला होता ती घडत असतानाच रॉजर्स होड्यांत बसत होता, आणि वुल्फ व रॉजर्स दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

नकाशावर काम सोपं दिसतं. सरोवरातून शंभरावर किलोमीटर उत्तरेला, मग तेवढंच जंगलातून. खरी अडचण परतीची. छापा पडला की आसपासची प्रत्येक फ्रेंच चौकी जागी होणार. माणूस पाठीवर नेऊ शकतो तेवढा शिधा जातानाच संपणार. म्हणजे परतीचं अन्न कुठेतरी आधी ठेवायला हवं, किंवा कुणीतरी समोरून आणायला हवं, किंवा शत्रूच्याच कोठारातून उचलायला हवं. रॉजर्सने तिन्ही मार्ग वापरून पाहिले.

सुरुवातीचे दहा दिवस

सतरा व्हेलबोटी रात्रीच्या निघाल्या. व्हेलबोट हलकी आणि दोन्ही टोकांना निमुळती असते, त्यामुळे उचलून काठावर लपवता येते. दिवसा होड्या झाडीत, रात्री वल्ही.

पाचव्या दिवशी मुक्कामात बंदुकीच्या दारूचं पिंप पेटून फुटलं. एक कॅप्टन आणि काही माणसं भाजली. जखमी, आजारी आणि त्यांना नेणारे धरून बरीच माणसं परत पाठवावी लागली. उरले १४२. शत्रूची एक गोळी न सुटता तुकडीचा मोठा हिस्सा गेला. दारू छोट्या शिंगांत वाटून देण्याऐवजी एका पिंपात ठेवली की एक ठिणगी पुरते.

दहाव्या दिवशी उपसागर आला. होड्या झाडीत लपवल्या, परतीचा शिधा त्यांच्यातच ठेवला आणि पहाऱ्याला दोन विश्वासू इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) ठेवले. होड्या सापडल्याच तर मागोमाग येऊन कळवायचं, ही त्यांची कामगिरी. दुसऱ्याच संध्याकाळी ते धापा टाकत तुकडीला येऊन मिळाले. सुमारे चारशे फ्रेंच होड्यांवर पोचले होते आणि त्यातले दोनशे माग काढत येत होते.

समोरचे पर्याय

या क्षणी होड्या गेल्या, शिधा गेला, गुप्तता गेली. अधिकाऱ्यांची बैठक बसली. वाटा तीन होत्या.

मागे वळून पाठलागावर असलेल्या दोनशेंवर दबा धरणं हा पहिला. रॉजर्सच्या नियमांत याचीही युक्ती आहे: वळसा घालून आपल्याच वाटेवर यायचं आणि मागून येणाऱ्याला गाठायचं. पण जिंकूनही होड्या परत मिळण्याची खात्री नव्हती, आणि जखमी झाले तर त्यांना उचलणार कोण?

दुसरा, मोहीम सोडून थेट पूर्वेला कनेक्टिकट नदीकडे निघायचं. १४२ जीव वाचवण्याच्या दृष्टीने हाच सर्वांत शहाणा. दूत पकडल्याचं उट्टं काढायला निघालेली, वरून शत्रूची नामुष्की होईल असा हल्ला करण्याचा हुकूम असलेली तुकडी तो निवडेल अशी शक्यता मात्र फारच कमी.

तिसरा, पाठलाग करणाऱ्यांपेक्षा वेगाने पुढे जायचं, छापा घालायचा आणि परत न वळता मेम्फ्रेमेगॉग सरोवरावरून कनेक्टिकटच्या खोऱ्यात उतरायचं. यात गेलेल्या वाटेने परतायचं नाही हा नियम आपोआप पाळला जातो. पण ही वाट दुपटीहून लांब आणि तिच्यावर अन्नाचा दाणा नाही.

तिसरा ठरला. त्याबरोबर एक जोडनिर्णय झाला, आणि पुढचं सगळं त्यावर टांगलेलं होतं. लेफ्टनंट मॅकमुलनला जंगलातून क्राउन पॉइंटला परत पाठवलं. निरोप: ‘कनेक्टिकट नदीवर कोहास इथे शिधा पाठवा, आम्ही तिकडून येतोय.’ कोहास नदीकाठच्या सपाट कुरणांचा भाग. इंग्रजांची सर्वांत जवळची चौकी, नंबर फोर हा किल्ला, तिथून सुमारे साठ मैल खाली.

काय केलं

पुढचे नऊ दिवस स्प्रूसच्या दलदलीतले. पायाखाली बहुतेक वेळ फूटभर पाणी. पहाटेआधी निघायचं, अंधार पडल्यावर थांबायचं. झोपायला कोरडी जागा नाही, म्हणून झाडं पाडून त्यांवर फांद्या आडव्या टाकायच्या आणि त्या मचाणासारख्या बिछान्यावर पडायचं. पावलं सडली, बूट गेले. फायदा एकच, पण मोठा: पाण्यात माग राहत नाही. दोनशेंचा पाठलाग इथेच तुटला.

फ्रेंचांचा अंदाजही चुकला. रॉजर्स दुसऱ्या एका वस्तीवर जाणार असं धरून त्यांनी दोनशेवर माणसं तिकडे हलवली होती. तीनशे माणसं गावाच्या खालच्या अंगाला, चारेक मैलांवर होती. पुढे कैद्यांकडून कळलं तेव्हा आपण किती थोडक्यात वाचलो ते रेंजरांच्या लक्षात आलं.

गावाच्या वर पंधरा मैलांवर नदी लागली. पाणी पाच फूट, ओढ जबर. उंच माणसं वरच्या अंगाला उभी केली, बाकीच्यांनी एकमेकांना धरलं आणि साखळी हळूहळू सरकत पलीकडे गेली. प्रवाहाचा जोर उंचांनी झेलल्यामुळे बुटक्यांचे पाय टिकले. काही बंदुका मात्र गेल्या, त्यांतल्या काही बुड्या मारून काढल्या.

३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी झाडावर चढलेल्याला गाव दिसलं, तीनेक मैलांवर. रात्री रॉजर्स स्वतः दोन अधिकाऱ्यांना घेऊन टेहळणीला गेला. गावात नाच चालला होता. दोनच्या सुमारास तो परतला, तीनला तुकडी हलली, पाचशे यार्डांवर पाठपिशव्या उतरवल्या. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उजवी, डावी आणि मधली अशा तीन फळ्यांनी हल्ला झाला. डोंग्यांत उड्या टाकून पळणाऱ्यांना नदीवर गाठलं. सकाळी सातपर्यंत सगळं आटोपलं.

मग आग. मका साठवलेली तीन घरं सोडून बाकी सगळं पेटवलं, चर्चसुद्धा. तळघरांत आणि माळ्यांवर लपलेले कितीतरी जण त्यात जळाले, हे रॉजर्सने स्वतःच लिहून ठेवलंय. दारांवरच्या काठ्यांना सहाशेच्या आसपास इंग्रजांच्या शिरांची कातडी टांगलेली होती, असंही तो लिहितो. हल्ल्याचं समर्थन म्हणून हा आकडा तेव्हापासून वापरला जातो.

पाच इंग्रज बंदी सोडवले. वीसेक बायका-मुलं धरली, पंधरा सोडली, दोन मुलगे आणि तीन मुली बरोबर घेतल्या. तुकडीतला एक स्टॉकब्रिज इंडियन मारला गेला, कॅप्टन ऑग्डेन जबर जखमी झाला, सहा जणांना किरकोळ लागलं. नंतर मका वाटून घेतला. निघण्याआधी पुन्हा बैठक झाली आणि कनेक्टिकटचीच वाट कायम ठेवली.

परतीचा हिशेब

चालत्या माणसाला थंडीत दिवसाला तीन हजारांवर कॅलरी लागतात. सुका मका खाऊन त्या मिळवायच्या तर रोज सुमारे ९०० ग्रॅम. कोहासला पोचायला सोळाच्या आसपास दिवस लागले. म्हणजे माणशी चौदा किलो आणि १४१ माणसांचे मिळून जवळपास दोन टन. याशिवाय साडेचार किलोची बंदूक, साठ बारांचे दोन किलो, कुऱ्हाड, ओली घोंगडी. नऊ दिवस दलदल तुडवलेल्या माणसाला हे उचलणं अवघडच. शिवाय सुका मका तसाच चावता येत नाही, तो भरडायला किंवा तासन्‌तास शिजवायला लागतो. त्यासाठी विस्तव हवा, आणि पाठलाग असताना धूर करायचा नाही. काहींनी पिशवीत मक्याऐवजी लूट भरली, असं परंपरा सांगते. चर्चमधल्या चांदीच्या मूर्तीच्या दंतकथा त्या भागात अजून सांगितल्या जातात.

मका आठ दिवस पुरला. मेम्फ्रेमेगॉग सरोवरापाशी माणसं म्हणू लागली की लहान टोळ्या करून शिकार करत जाऊ. रॉजर्सच्या मनात नव्हतं, तरी त्याने मान्य केलं. एकत्र दीडशे माणसं चालली की आवाजाने जनावर दूर पळतं, हे म्हणणं चुकीचं नव्हतं. पण विसाची टोळी शिकारीला मोठी आणि लढायला छोटी. लेफ्टनंट डनबार आणि टर्नर यांच्या विसेक जणांच्या टोळीला पाठलागावरच्यांनी गाठलं, बहुतेक मारले गेले किंवा पकडले गेले. एन्साइन एव्हरीच्या टोळीतले सात पकडले गेले, त्यांतले दोघे निसटले. बाकीच्यांनी साली, मुळं, चामड्याचे पट्टे खाल्ले. काहींनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्ल्याच्या नोंदी आहेत.

२० ऑक्टोबरच्या सुमारास रॉजर्स कोहासला पोचला. शेकोटी धुमसत होती, माणूस नव्हता.

मॅकमुलनचा निरोप पोचला होता. अ‍ॅमहर्स्टने लगेच लेफ्टनंट सॅम्युअल स्टीव्हन्सला शिधा देऊन पाठवलं होतं. रॉजर्सच्या म्हणण्यानुसार स्टीव्हन्स दोनच दिवस थांबला आणि सगळा शिधा घेऊन, हे लोक पोचण्याच्या दोन तास आधी निघून गेला. बंदुकीचे बार काढून बोलावलं. त्याच्या माणसांनी ते ऐकले, पण शत्रूचे समजून वल्ही आणखी जोरात मारली.

रॉजर्सने माणसांना भुईफळं आणि कमळकंद कसे काढायचे, शिजवायचे ते दाखवलं, दहा दिवसांत अन्न पाठवतो असा शब्द दिला आणि तराफ्यावरून निघाला. बरोबर ऑग्डेन, एक रेंजर आणि पकडून आणलेला एक अबेनाकी मुलगा. व्हाइट रिव्हरच्या धबधब्याशी पहिला तराफा गेला. झाडं तोडायची ताकद कुणात नव्हती, म्हणून बुंध्याशी जाळ करून ती पाडली, आणि ओंडकेही जाळूनच हव्या त्या लांबीचे केले. पुढच्या धबधब्यावर रॉजर्स खाली पाण्याशी जाऊन थांबला. ऑग्डेनने वरून फांद्यांच्या पिळलेल्या दोराने धरून तराफा सोडला, आणि खालून याने पोहत जाऊन तो पकडला. ३१ ऑक्टोबरला नंबर फोर. अर्ध्या तासात शिध्याचा डोंगा वर निघाला आणि चौथ्या दिवशी, दिलेल्या मुदतीत, कोहासला पोचला. दोन दिवस विश्रांती घेऊन रॉजर्सही परत वर गेला.

निष्पत्ती

गावात एक माणूस गेला. परतीच्या वाटेत तीन अधिकारी आणि ४६ सार्जंट-शिपाई गेले. १४२ पैकी पन्नास, म्हणजे तिघांतला एक.

दुसऱ्या बाजूचा आकडा वादाचा आहे. रॉजर्स किमान दोनशे मारल्याचं सांगतो. फ्रेंच कागदपत्रांत तीसच्या आसपास मृत्यू आहेत, आणि त्यांतले वीस बायका-मुलं. लढाऊ पुरुष बरेचसे बाहेर होते हे रॉजर्सच्याच कैद्यांनी सांगितलेल्या माहितीशी जुळतं, त्यामुळे दोनशेचा आकडा पटत नाही. आणि फ्रेंच आकडा खरा असेल तर हुकुमातली बायका-मुलांबद्दलची ओळ कागदावरच राहिली.

अबेनाकी परंपरा तिसरीच गोष्ट सांगते. गॉर्डन डे या भाषाअभ्यासकाने विसाव्या शतकात ओदानाकच्या वृद्धांकडून ती उतरवून घेतली. नाचाच्या रात्री एक मुलगी गार हवेला बाहेर आली तेव्हा अंधारात एक अनोळखी इंडियन तिच्याशी बोलला आणि पहाटे हल्ला होणार असल्याचं त्याने सांगितलं. काहींनी विश्वास ठेवला आणि रात्रीतच मुलाबाळांना घेऊन लपले, काही नाचत राहिले. रॉजर्सच्याच तुकडीतल्या कुणीतरी हे केलं असावं, असा त्याचा अर्थ लावतात. कमी मृत्यूंचं कोडं यामुळे बरंच सुटतं. ओदानाक आजही क्वेबेकमध्ये त्याच नदीकाठी नांदतं आहे.

लष्करी फळ काय? क्वेबेक आधीच पडलं होतं आणि पुढच्या वर्षी ८ सप्टेंबरला मॉन्ट्रिअलही शरण आलं. या छाप्याशिवायही ते झालं असतं. वसाहतींतल्या वर्तमानपत्रांना मात्र वीरगाथा मिळाली.

काय वेगळं करता आलं असतं

होड्या आणि शिधा एकाच झाडीत ठेवणं ही पहिली चूक. होड्या लपवणं कठीण, शिध्याचे गाठोडे सोपे. आतल्या बाजूला दोन-तीन किलोमीटरवर वेगवेगळ्या जागी पुरले असते तर फ्रेंचांना होड्या मिळाल्या असत्या, अन्न नाही. पण रॉजर्स घाईत होता आणि आपण होड्यांनीच परतणार हे गृहीत धरून चालला होता. ठरलेल्या नियमांशी हे गृहीत विसंगत होतं, आणि त्याने ते कसं खपवून घेतलं ते कळत नाही.

गावात पेटवण्याआधी घरं तपासायला हवी होती. सोडवलेले पाच बंदी हाताशी होते. त्यांच्यापैकी ज्याला अबेनाकी भाषा येत असेल त्याच्याकडून दारोदार हाका मारून घेता आल्या असत्या. त्याला अर्धा तास लागला असता, आणि तीनशे माणसं चार मैलांवर होती. ही अडचण खरी आहे. तरी लेखी हुकूमही तितकाच खरा होता, आणि आग लावण्याआधी तो कुणी काढून वाचला असं दिसत नाही.

पांगण्याबद्दल मी रॉजर्सला फारसा दोष देणार नाही. एकत्र राहून उपाशी मेले असते तर तोही त्याचाच दोष ठरला असता. चूक टोळ्यांच्या आकारात आणि मार्गांत आहे. माणसं सात-आठच्या गटांत, एकमेकांपासून दिवसभराच्या अंतराने, शक्य तिथे पाण्यातून गेली असती, तर माग काढणाऱ्याला एका झटक्यात वीस जण मिळाले नसते.

आणि कोहास. स्टीव्हन्सवर पुढे कोर्ट मार्शल झालं, तो दोषी ठरला आणि नोकरीतून गेला. पण त्याला मिळालेला हुकूमही पाहायला हवा. रॉजर्स येण्याची शक्यता तुला वाटते तोवर थांब, एवढाच. तारीख नाही, किमान मुदत नाही, ओळखीची खूण नाही. थोडी माणसं, शत्रूचा मुलूख, ऑक्टोबरची थंडी: अशा वेळी शक्यता फार लवकर संपल्यासारखी वाटते. मॅकमुलनकडे दिलेल्या निरोपात पोचण्याची अंदाजी तारीख आणि बारांचा एक ठरलेला इशारा घालता आला असता, समजा दोन बार, मग शंभर मोजून एक. स्टीव्हन्सच्या माणसांनी तोच आवाज ऐकून होड्या वळवल्या असत्या. काहीच ठरलेलं नसलं तरी, निघताना शिध्याची चार पोती अस्वल पोचणार नाही अशा फांदीला टांगून जायला परवानगी लागत नव्हती.